शॉटकट: घरच्या व्हिडिओसाठी फुकट, रुक्ष आणि भरवशाचं

मायक्रोसॉफ्टनं विंडोज मूव्ही मेकर १० जानेवारी २०१७ रोजी बंद केलं. त्यानंतर ‘घरच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ जोडायला सोपं काय?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर उरलं नाही. त्या नावाचा फायदा घेणारी बनावट सॉफ्टवेअर मात्र भरपूर निघाली. ती फुकट उतरवून घेता येतात, तासभर काम करू देतात आणि व्हिडिओ सेव्ह करायच्या क्षणी पैसे मागतात. अजून कुणी ‘मूव्ही मेकर’ शोधत असेल, तर तो शोध इथेच थांबवावा.

हे परीक्षण शॉटकटचं आहे, आणि तेही एका ठरावीक कामापुरतं: बारसं, मुंज, आजोबांची पंच्याहत्तरी किंवा गणपतीचे पाच दिवस, चार जणांच्या फोनमध्ये विखुरलेल्या क्लिपा, आणि त्यातून दहा-पंधरा मिनिटांचा, टीव्हीवर लावता येईल असा एक व्हिडिओ. यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांच्या आणि लग्नाचे व्हिडिओग्राफर असलेल्यांच्या गरजा वेगळ्या असतात.

शॉटकट २०११ पासून डॅन डेनेडी यांच्या देखरेखीखाली तयार होत आलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. खातं उघडावं लागत नाही, इंटरनेट लागत नाही, तयार व्हिडिओच्या कोपऱ्यात कुणाचा शिक्का येत नाही, लांबीवर मर्यादा नाही. शॉटकट डॉट ऑर्ग या अधिकृत संकेतस्थळावर ते फुकट आहे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर तेच विकतही मिळतं, ते निर्मात्यांना हातभार म्हणून घ्यायचं असेल तर घ्यावं. विंडोजसाठी इन्स्टॉल न करता चालणारी झिप आवृत्तीही आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर ती कामाची. आवृत्तीचा क्रमांक वर्ष आणि महिन्यावरून असतो, म्हणजे २४.०६ ही जून २०२४ ची. नव्या आवृत्तीत केलेलं काम जुन्या आवृत्तीत उघडायला जाऊ नये, म्हणून दोन संगणकांवर आलटून पालटून काम होणार असेल तर दोन्हीकडे एकच आवृत्ती ठेवावी.

हार्डवेअरची अपेक्षा माफक आहे. १०८०पी साठी दोन कोअरचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम, ४के साठी चार कोअर आणि १६ जीबी. चार-पाच वर्षं जुना साधा लॅपटॉप पुरतो. हार्ड डिस्कवर मोकळी जागा मात्र हवी, आणि ती किती ते पुढे येईलच.

आता तक्रार. पहिल्यांदा उघडल्यावर शॉटकट काहीही शिकवत नाही. रंगीत टेम्प्लेट नाहीत, ‘इथे क्लिक करा’ म्हणणारे बाण नाहीत. करडा पडदा, वर बटणांची रांग, मध्ये रिकामी चौकट. नवखा माणूस एखादी क्लिप ओढून आणतो, काम सुरू करतो, आणि तासाभरानं आवाज आणि ओठ जुळेनासे होतात, नाहीतर सगळा व्हिडिओ उभा होऊन बसतो. मग सॉफ्टवेअरला नावं ठेवली जातात. खरं तर यातले बहुतेक घोळ पहिल्या पाच-दहा मिनिटांत न केलेल्या गोष्टींमुळे होतात. त्या केल्या तर पुढचं काम खरोखर सोपं आहे. नमनाला घडाभर तेल वाटेल, पण या परीक्षणाचा मोठा भाग त्या दहा मिनिटांवरच खर्च करणं भाग आहे.

सुरुवातीची दहा मिनिटं

आधी क्लिपा गोळा करण्याबद्दल. कुटुंबाच्या ग्रुपवर आलेले व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ वापरू नयेत. व्हॉट्सअ‍ॅप पाठवतानाच व्हिडिओ दाबून लहान करतं आणि गेलेला तपशील परत येत नाही. मोबाइलच्या पडद्यावर ते खपून जातं. ४३ इंची टीव्हीवर आजीचा चेहरा चौकोनी ठिपक्यांचा दिसतो. मूळ फाइल यूएसबी केबलनं घ्यावी, ड्राइव्हवरून घ्यावी, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. तशी २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते. दुसरा फायदा क्रम लावण्याचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलच्या नावातली तारीख चित्रीकरणाची असेलच असं नाही. मूळ फाइल तारीख-वेळेनुसार लावल्या की हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, विहीण-पंगत असा क्रम आपसूक लागतो.

या सगळ्या क्लिपा, फोटो आणि संगीत एकाच फोल्डरात टाकायचं. मग शॉटकट उघडल्यावर ‘न्यू प्रोजेक्ट’च्या चौकटीत प्रोजेक्टचं नाव द्यायचं आणि तेच फोल्डर निवडायचं. याचं कारण असं, की शॉटकटची प्रोजेक्ट फाइल म्हणजे फक्त टिपण असतं: कोणती फाइल, कुठून कुठपर्यंत, कोणत्या फिल्टरसह. व्हिडिओ त्यात नसतो. कुणी ती काही केबींची एमएलटी फाइल भावाला ईमेल करतं आणि त्याच्याकडे काहीच दिसत नाही, ते यामुळेच. क्लिपा थेट पेनड्राइव्हवरून किंवा ‘डाउनलोड्स’मधून ओढल्या आणि नंतर पेनड्राइव्ह काढला, तर पुढच्या वेळी ‘मिसिंग फाइल्स’ची यादी समोर येते. त्या यादीतल्या नावावर दोनदा क्लिक करून फाइलची नवी जागा दाखवता येते, पण चाळीस क्लिपांसाठी हा उद्योग नको. सगळं प्रोजेक्टच्या फोल्डरात असेल, तर ते अख्खं फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेलं तरी चालतं.

तिसरी गोष्ट ‘व्हिडिओ मोड’, आणि नवख्यांचा सर्वांत जास्त घात हीच करते. मूळ सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ असतं. म्हणजे जी क्लिप पहिली टाकाल तिचा आकार आणि तिचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं) अख्ख्या प्रोजेक्टला लागू. पहिली क्लिप मावशीनं उभ्या फोननं काढलेली, ४८० बाय ८४८ ची निघाली, तर बाकी सगळ्या सुंदर आडव्या क्लिपा त्या उभ्या पट्टीत आकसून बसतात. म्हणून पहिली क्लिप टाकण्याआधी ‘सेटिंग्ज’मधल्या ‘व्हिडिओ मोड’मध्ये जाऊन ‘एचडी १०८०पी ३० एफपीएस’ निवडायचं. आपल्याकडचे बहुतेक फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतात, त्यामुळे तेच सोयीचं. सगळं चित्रण कॅमेऱ्यानं २५ फ्रेमनं झालेलं असेल तरच २५. क्लिपा ४के असल्या तरी घरच्या व्हिडिओसाठी प्रोजेक्ट १०८०पी चाच ठेवावा. लॅपटॉपला भार कमी पडतो आणि ४के क्लिपमध्ये थोडं आत झूम केलं तरी चित्र फुटत नाही.

चौथी गोष्ट बदलत्या फ्रेमरेटची. फोन सेकंदाला बरोबर ३० फ्रेम घेत नाही. प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की २८, २६ असं खाली-वर करतो. पाहताना हे कळत नाही, पण संपादनात काळाचं गणित पक्कं लागतं. मग कापलेल्या जागा सरकतात, आणि लांब क्लिपमध्ये आवाज पुढे व चित्र मागे पडत जातं. अशी क्लिप उघडली की शॉटकट स्वतःहून सांगतं, की ही फाइल संपादनाला भरवशाची नाही, रूपांतर करू का? इथे कंटाळून ‘रद्द’ करणारे पुढे पस्तावतात. पर्याय तीन पातळ्यांचे असतात: ‘गुड’ म्हणजे एच.२६४ या नेहमीच्या पद्धतीनं दाबलेली एमपी४, ‘बेटर’ म्हणजे मधल्या दर्जाची पण बरीच मोठी फाइल, आणि ‘बेस्ट’ म्हणजे काहीही न गमावणारी अवाढव्य फाइल. घरच्या कामाला ‘गुड’ पुरेसं. ‘बेस्ट’ हे नाव बघून मोह होतो, पण अर्ध्या तासाचं चित्रण त्यात घातलं तर लहान लॅपटॉपची डिस्क भरून जाईल. वर म्हटलेली मोकळी जागा ती हीच: ‘गुड’ वापरूनही मूळ क्लिपांच्या किमान तिप्पट जागा हाताशी ठेवावी. अंदाजासाठी, आयफोनची १०८०पी, ३० फ्रेमची क्लिप मिनिटाला साधारण ६० एमबी होते. ‘मोस्ट कंपॅटिबल’ सेटिंग असेल तर १३० एमबी.

लांब क्लिपमधला थोडासाच भाग हवा असेल, तर आधी तो निवडून रूपांतराच्या चौकटीतल्या ‘सब-क्लिप’वर खूण करावी. तेवढाच तुकडा रूपांतरित होतो. चाळीस मिनिटांच्या पूजेतून आरतीची तीन मिनिटं काढायची असतील तर यानं बराच वेळ वाचतो.

आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनच्या क्लिपांमध्ये आणखी एक भानगड असते: एचडीआर, म्हणजे उजेड आणि रंगांचा जास्त मोठा पल्ला टिपणारं चित्रण. असे व्हिडिओ साध्या प्रोजेक्टमध्ये फिके, धुवून काढल्यासारखे दिसतात. पैठणीचा जांभळा राखाडीकडे झुकतो. शॉटकट इथेही रूपांतर सुचवतं, ते मान्य करावं. त्याहून बरं म्हणजे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आयफोनवाल्या पाहुण्यांना कॅमेऱ्याच्या ‘रेकॉर्ड व्हिडिओ’ सेटिंगमधलं एचडीआर बंद करायला सांगावं.

त्याच वेळी ट्यूबलाइटबद्दलही बोलून घ्यावं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या नळ्या आणि काही स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ३० फ्रेमशी याचा मेळ बसत नाही, २५ शी बसतो. त्यामुळे मंगल कार्यालयात काढलेल्या काही क्लिपांमध्ये आडवे पट्टे सरकताना दिसतात. हे नंतर शॉटकटमध्ये नीट काढता येत नाही, चित्रीकरणातच टाळावं लागतं: हॉलमध्ये २५ फ्रेमवर चित्रण करावं, किंवा फोनमध्ये फ्लिकर कमी करण्याचं सेटिंग असेल तर ते ५० हर्ट्झवर ठेवावं.

कापणं आणि जोडणं

इथून पुढे शॉटकट आवडायला लागतं. सगळ्या फाइल ‘प्लेलिस्ट’मध्ये ओढायच्या. एकेक क्लिप दोनदा क्लिक करून उघडायची, हवा तो भाग सुरू होतो तिथे ‘आय’ आणि संपतो तिथे ‘ओ’ दाबायचं, मग ‘ए’ दाबलं की तेवढा तुकडा टाइमलाइनच्या, म्हणजे तुकडे क्रमानं मांडायच्या पट्टीच्या, शेवटी जाऊन बसतो. ‘जे’, ‘के’, ‘एल’ या तीन कळा मागे, थांबा, पुढे. ‘एल’ पुन्हा पुन्हा दाबलं की वेग वाढतो. या सहा कळा बोटांत बसल्या की तासभराचं चित्रण एका बैठकीत चाळून होतं.

टाइमलाइनवर ‘एस’नं तुकडा पडतो. ‘एक्स’नं तुकडा जातो आणि मागचं सगळं पुढे सरकून पोकळी भरते. ‘झेड’नं तुकडा जातो पण पोकळी राहते. हा फरक न कळल्यानं मध्येच काळा पडदा येतो आणि तो का येतो ते कळत नाही. आणखी एक सापळा म्हणजे ‘रिपल ऑल ट्रॅक्स’चं बटण. ते चालू असताना वरच्या ट्रॅकवर (टाइमलाइनवरच्या एका थरावर) काही कापलं तर खालचं संगीतही सरकतं. संगीत घातल्यानंतर कापाकापी करायची असेल तर आधी या बटणाकडे नजर टाकावी, किंवा संगीताच्या ट्रॅकला कुलूप लावून ठेवावं. चुकलंच तर कंट्रोल-झेड आहेच, आणि शॉटकटची ‘हिस्टरी’ची यादी बरीच मागेपर्यंत जाते.

एका क्लिपमधून दुसरीत विरघळणं हवं असेल तर दुसरी क्लिप ओढून पहिलीवर थोडी चढवायची. जेवढी चढेल तेवढ्या काळाचं संक्रमण तयार होतं. साधारण एक सेकंद पुरे. एक सल्ला आगाऊपणा वाटला तरी देतोच: घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी, पडद्यासारखी उघडणारी संक्रमणं प्रत्येक क्लिपला लावू नयेत. नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या कॅसेटींत बदामाच्या आकारात नवरा-नवरी फिरायचे, ते तेव्हा नवं होतं. साधा काप बहुतेक वेळा सर्वांत चांगला दिसतो.

मंगलाष्टकं दोन फोननी दोन बाजूंनी काढली असतील, तर शॉटकटचं एक कमी माहिती असलेलं वैशिष्ट्य वापरावं. एका फोनचं चित्रण एका ट्रॅकवर, दुसऱ्याचं दुसऱ्यावर ठेवून उजव्या क्लिकच्या मेनूमधला ‘अलाइन टू रेफरन्स ट्रॅक’ निवडला की दोन्हींतला आवाज ताडून ते क्लिपा जुळवतं. मग एकाचा आवाज बंद ठेवायचा आणि वरच्या ट्रॅकमधून नको ते तुकडे काढत जायचं. जिथे काढाल तिथे खालचं चित्र दिसतं. इथे मात्र ‘झेड’च वापरायचं, ‘एक्स’ दाबलंत तर जुळवलेलं सगळं विस्कटेल. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढं मिळणं ही मोठीच सोय.

उभ्या क्लिपांचं काय? १०८० उंचीच्या आडव्या पडद्यावर उभी क्लिप जेमतेम ६०७ पिक्सेल रुंद बसते, म्हणजे १९२० मधली एक तृतीयांशसुद्धा नाही. बाजूला काळे पट्टे. ‘फिल्टर्स’मध्ये ‘ब्लर: पॅड’ लावलं की त्या पट्ट्यांत त्याच चित्राची धूसर प्रत भरते, टीव्हीवर ते सुसह्य दिसतं. ‘साइझ, पोझिशन अँड रोटेट’मध्ये ‘फिल’ निवडून पडदा भरताही येतो, पण मग वरचा-खालचा भाग कापला जातो आणि उभ्या क्लिपेत डोकी वरच असतात. दोन उभ्या क्लिपा शेजारी-शेजारी ठेवणं हा तिसरा पर्याय, आणि मुलांच्या नाचाच्या वगैरे क्लिपांना तो चांगला शोभतो.

फोटोंसाठी एकेक ओढत बसू नये. प्लेलिस्टमध्ये हवे ते फोटो निवडून तिथल्या मेनूतला ‘अ‍ॅड सिलेक्टेड टू स्लाइडशो’ घ्यावा. फोटो किती सेकंद, कडा कापायच्या की काळ्या ठेवायच्या, हळूहळू झूम किती, संक्रमण किती लांब, हे एकदाच विचारलं जातं. एका फोटोला चार सेकंद ठीक आहेत. पंधरा जणांचा ग्रुप फोटो असेल तर सहा-सात द्यावेत, कारण प्रत्येक पाहणारा आधी स्वतःला शोधतो.

हललेल्या क्लिपांसाठी ‘स्टॅबिलाइझ’ फिल्टर आहे. तो आधी क्लिपचं विश्लेषण करतो, ते ‘जॉब्स’च्या यादीत चालतं आणि संपेपर्यंत काहीच फरक दिसत नाही. ‘फिल्टर लावला पण चाललाच नाही’ असं म्हणणारे बहुतेक ‘अ‍ॅनलाइझ’चं बटण दाबायला विसरलेले असतात. आधी क्लिप कापून घ्यावी, मगच विश्लेषण करावं, नाहीतर नको असलेल्या भागावरही वेळ जातो. वरातीत नाचता नाचता काढलेलं चित्रण मात्र कुठलाच फिल्टर सावरू शकत नाही, उलट जेलीसारखं थरथरवतो.

आवाज

लोक वाईट चित्र सहन करतात, वाईट आवाज नाही. घरच्या व्हिडिओत नेमकं याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. शॉटकटच्या उजव्या बाजूला आवाजाची मोजपट्टी असते (दिसत नसेल तर ‘व्ह्यू’ मेनूतून ‘ऑडिओ पीक मीटर’ चालू करावी). बोलण्याची टोकं उणे ६ डेसिबलच्या आसपास राहतील असं ‘गेन’ फिल्टरनं बसवावं. शून्याला टेकलं की आवाज फाटतो. मूळ चित्रीकरणातच ढोल-ताशानं आवाज फाटलेला असेल तर तो खाली आणूनही फाटकाच राहतो. तिथे तो बंद करून संगीत घालणं हाच उपाय.

वेगवेगळ्या फोनचे आवाज कमी-जास्त असतात. प्रत्येकाला हातानं गेन देण्याऐवजी ‘नॉर्मलाइझ: टू पास’ लावून लक्ष्य उणे १६ ठेवलं आणि ‘अ‍ॅनलाइझ’ केलं की सगळ्या क्लिपा जवळपास एका पातळीवर येतात. एका क्लिपचा फिल्टर कॉपी करून दुसऱ्यांवर पेस्ट करता येतो, पण विश्लेषण प्रत्येकीचं वेगळं करावं लागतं.

पार्श्वसंगीत वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर. बोलणं चालू असताना ते १८ ते २० डेसिबलनं खाली हवं. ज्यांना ते ‘फारच हळू’ वाटतं त्यांनी एकदा टीव्हीवर लावून पाहावं, हेडफोनवर नाही. क्लिपच्या कडेला, वरच्या कोपऱ्यात माउस नेला की एक छोटं वर्तुळ दिसतं, ते आत ओढलं की आवाज किंवा चित्र हळूहळू उगवतं आणि मावळतं. भाषणाच्या मध्येच कापावं लागलं तर तिथे अर्ध्या सेकंदाचा फेड द्यावा म्हणजे ‘टक्’ असा आवाज येत नाही.

गाण्यांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. व्हिडिओ घरातच राहणार असेल तर प्रश्न नाही. पण अमेरिकेतल्या काकांसाठी तो यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ म्हणून चढवणार असाल, तर चित्रपटगीत लगेच ओळखलं जातं. दुवा फक्त घरच्यांकडे असला तरीही. त्यामुळे व्हिडिओ काही देशांत किंवा पूर्णच अडवला जाऊ शकतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं फुकट संगीत वापरावं, किंवा त्याहून छान म्हणजे घरातल्याच कुणाची पेटी, तबला, आत्यानं म्हटलेली ओवी फोनवर रेकॉर्ड करून घालावी.

मराठी अक्षरं

इथे शॉटकट अनेक महागड्यांपेक्षा सरस आहे. ‘टेक्स्ट: सिंपल’ फिल्टरमध्ये युनिकोड मराठी नीट उमटतं: जोडाक्षरं तुटत नाहीत, पहिली वेलांटी भलत्या जागी जात नाही, रफार डोक्यावरच राहतो. विंडोजमध्ये निर्मला यूआय हा टंक असतोच. पण टीव्हीवरच्या शीर्षकाला जाड अक्षर हवं, त्यासाठी एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक गुगल फॉन्ट्सवरून फुकट घ्यावेत. नवा टंक टाकल्यावर शॉटकट बंद करून पुन्हा उघडायचं, नाहीतर तो यादीत येत नाही.

अडचण येते ती निमंत्रणपत्रिकेचा मजकूर चिकटवताना. छापखान्यातून आलेली फाइल बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातली असते. ती शॉटकटमध्ये पेस्ट केली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. तो मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा. चार ओळींसाठी रूपांतरक शोधत बसण्यापेक्षा फोनवर टाइप करून स्वतःलाच पाठवणं जलद होतं.

शीर्षक थेट क्लिपवर फिल्टर म्हणून लावलं आणि नंतर ती क्लिप ‘एस’नं कापली, तर दोन्ही तुकड्यांवर शीर्षक येतं. म्हणून वर वेगळा व्हिडिओ ट्रॅक घेऊन (कंट्रोल-आय) त्यावर पारदर्शक रंगाची क्लिप ठेवावी आणि अक्षरं तिच्यावर लावावीत. मग शीर्षक हवं तसं सरकवता येतं. पांढऱ्या अक्षरांना बारीक काळी किनार दिली की मागे मांडवाची रोषणाई असली तरी वाचता येतं. किनार जाड केली तर मात्र ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ आतून भरून जातात.

बाहेर काढणं

‘एक्स्पोर्ट’ उघडण्याआधी कंट्रोल-एस. मग डावीकडच्या यादीतून ‘यूट्यूब’ किंवा नुसतं ‘डिफॉल्ट’ निवडावं. नावाची गंमत सोडा, दोन्ही एच.२६४ ची एमपी४ देतात आणि ती जवळजवळ सगळ्या टीव्हींवर चालते. एचईव्हीसी ही त्यापुढची पद्धत फाइल लहान करते, पण जुन्या टीव्हीला ती उमजेलच असं नाही. महत्त्वाची चौकट वेगळीच आहे: ‘फ्रॉम’. तिथे ‘टाइमलाइन’ असायला हवं. ‘सोर्स’ राहिलं तर तीन दिवसांच्या कामातून एकच क्लिप बाहेर पडते.

‘हार्डवेअर एन्कोडर’वर खूण केली की काम बरंच लवकर होतं, पण त्याच आकारात दर्जा थोडा कमी मिळतो. नातेवाइकांना दाखवण्यापुरती झटपट प्रत काढायला तो चालू करावा आणि कायम जपायच्या प्रतीसाठी बंद. त्या वेळी ‘क्वालिटी’ ६० टक्क्यांच्या आसपास ठेवली तर पुरे. ८० केल्यानं फाइल फुगते, डोळ्याला फरक दिसत नाही. एक्स्पोर्ट चालू असताना लॅपटॉप झाकू नये, चार्जर लावून ठेवावा. पंधरा मिनिटांच्या, फिल्टर भरपूर असलेल्या व्हिडिओला साध्या लॅपटॉपवर तासभरही लागू शकतो, ते बिघाडाचं लक्षण नाही.

पेनड्राइव्हवर नेताना ‘फाइल फार मोठी आहे’ असं आलं, तर जागा कमी पडलेली नसते. तो पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. सेकंदाला ८ मेगाबिटच्या दर्जाचा तासाभराचा व्हिडिओ ३.६ जीबी होतो, म्हणजे दीड तासाचा कार्यक्रम बसणार नाही. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. टीव्ही तो वाचत नसेल, तर व्हिडिओचे दोन भाग करावेत.

प्रीव्ह्यू अडखळत असेल तर घाबरून काही काढून टाकू नये. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रीव्ह्यू स्केलिंग’ ३६०पी वर ठेवलं आणि ‘प्रॉक्सी’ चालू केलं की हलक्या प्रती वापरून काम चालतं. शेवटचा व्हिडिओ मूळ फाइलींमधूनच तयार होतो.

हे कुणी घेऊ नये

मॅक किंवा आयफोन असलेल्यांनी आधी आयमूव्ही पाहावं. तेही फुकट आहे, दिसायला देखणं आहे आणि तासाभरात हातात बसतं. मर्यादा अशी, की चित्राचे दोनच थर मिळतात. आणि प्रोजेक्टचा आकार-फ्रेमरेट तिथेही पहिल्या क्लिपवरूनच ठरतो. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प असतं. मायक्रोसॉफ्टनं ते २०२१ मध्ये विकत घेतलं. १०८०पी पर्यंत शिक्क्याशिवाय फुकट, पण मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि चांगल्या दिसणाऱ्या निम्म्या गोष्टींवर पैशाची खूण असते. दोन मिनिटांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी ते शॉटकटपेक्षा सोयीचं. दाविंची रिझॉल्व्ह फुकट आणि फार ताकदीचं आहे, पण ८ जीबीच्या लॅपटॉपवर त्याच्या वाट्याला जाऊ नये. केडेनलाइव्ह हे आणखी एक फुकट सॉफ्टवेअर शॉटकटच्याच एमएलटी इंजिनावर चालतं आणि जास्त गोष्टी देतं. शॉटकट अपुरं पडायला लागलं की तिकडे वळावं, आधी नाही.

जुन्या व्हीएचएस कॅसेटची डीव्हीडी करून ठेवली असेल, तर शॉटकट तिच्यातल्या व्हीओबी फाइल थेट उघडतं, वेगळं काही लागत नाही. त्या ७२० बाय ५७६ च्या आणि इंटरलेस्ड असतात, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या भागांत साठवलेलं असतं. हालचालीच्या जागी कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘स्कॅन मोड’ बघावा. डीव्हीडीला बहुधा ‘टॉप फील्ड फर्स्ट’ लागतं. या कामाला प्रोजेक्ट २५ फ्रेमचा घ्यावा आणि चित्र ४:३ च ठेवावं. पडदा भरण्यासाठी ताणलं की सगळे वऱ्हाडी बसके दिसतात.

काम झाल्यावर डिस्क मोकळी करताना नावात ‘कन्व्हर्टेड’ असलेल्या मोठ्या फाइल सर्वांत आधी डोळ्यांत येतात. व्हिडिओत पुढे कधी बदल करायचा असेल तर त्या उडवू नयेत, कारण प्रोजेक्ट त्यांच्याकडेच बोट दाखवत असतो. प्रॉक्सी उडवल्या तरी चालतात, त्या पुन्हा बनतात.